कारागिरीचे दार लेकींसाठीही उघडावे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव हा जसा समाधानाचा प्रसंग, तसाच तो मागे वळून पाहण्याचाही प्रसंग असतो. मागे पाहताना केलेली कामे दिसतात, तशाच राहून गेलेल्या गोष्टीही दिसतात. आज मी अशा एका राहून गेलेल्या गोष्टीविषयी बोलणार आहे. त्यात दोष माझाही आहे, हे आधीच सांगतो.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मी एका शिक्षणसाहाय्य समितीचा सदस्य होतो. आमच्यापुढे दहावी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीचा अर्ज आला. तिच्या वडिलांचे छोटेसे गॅरेज होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता. मुलीला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता आणि त्या खर्चासाठी तिने साहाय्य मागितले होते. आम्ही समितीचे चार सदस्य एकमेकांकडे पाहून हसलो. मीच तिला म्हणालो, "बाळ, शिवणकामाचा वर्ग लाव. मशीनसुद्धा आम्ही देऊ." तिने शांतपणे विचारले, "काका, ते मशीन बिघडल्यावर दुरुस्तीला तुम्ही कोणाला बोलावणार?" आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. अर्ज परत घेऊन ती गेली आणि पुन्हा आली नाही. काही महिन्यांनी ते गॅरेज बंद झाले.

मोटारदुरुस्ती हे पुरुषांचे काम, असे आपण किती सहज म्हणतो! मोटारीचा इतिहास मात्र वेगळीच साक्ष देतो. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्था बेंझ या बाईंनी पतीला न सांगता, आपल्या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन, पतीनेच बनवलेल्या मोटारगाडीतून मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला. मोटारीचा हा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा एका चर्मकाराकडून त्यांवर कातडे बसवून घेतले. मोटारीच्या पहिल्या मोठ्या प्रवासातील पहिली दुरुस्ती अशा रीतीने एका गृहिणीच्या हातून झाली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९७४ च्या सुमारास पुण्यातील टेल्को कारखान्याच्या अभियंत्यांच्या भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी सूचना होती. सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने, म्हणजेच आजच्या सुधा मूर्ती यांनी, थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून त्याबद्दल जाब विचारला. त्यांना मुलाखतीचे बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात आज मोटारी जोडणारी एक संपूर्ण शाखा स्त्रिया चालवतात. एका पोस्टकार्डाने सगळे झाले असे मी म्हणत नाही; परंतु कोणीतरी प्रश्न विचारल्याशिवाय दार हललेही नसते.

साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९८९ मध्ये त्या रेल्वेत साहाय्यक चालक झाल्या. पुढे त्यांनी मालगाड्या चालवल्या, उपनगरी गाड्या चालवल्या. २०११ च्या महिलादिनी 'डेक्कन क्वीन' त्यांनी घाटातून सुखरूप नेली. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत 'वंदे भारत' चालवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. हजारो प्रवासी त्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपले. आपल्याला मात्र गाडीचे ऑइल बदलून घेण्यासाठी मुलीचा भरवसा वाटत नाही!

यावर नेहमीचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण एकेकाळी ते मीच घेतले आहेत. पहिला आक्षेप शारीरिक बळाचा. घट्ट बसलेला नट मनगटाच्या जोराने कमी आणि पान्याच्या लांबीने अधिक सुटतो. दांडा दुप्पट लांब असला की जोर निम्माच लागतो. गिअरबॉक्स उतरवायला जॅक आणि गाडी उचलायला हायड्रॉलिक लिफ्ट असते. आजच्या गाडीतील कितीतरी दोष तर स्कॅनर लावून, विद्युत्प्रवाह मोजून आणि शांतपणे विचार करून शोधावे लागतात. या कामात चिकाटी आणि अचूकपणा लागतो. ते गुण मिशीबरोबर उगवत नाहीत.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खोटा नाही. पण त्यावरचा उपाय आपण चुकीचा निवडला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळेत कामाची मुभा दिली होती. धोका आहे म्हणून धोका दूर करण्याऐवजी स्त्रीलाच दूर ठेवले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने स्त्रियांना सर्व प्रकारची कामे खुली केली आहेत. रात्रपाळीसाठी त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक ठरवली आहे.

तिसरा आक्षेप 'आजवर असे झाले नाही' हा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकाराचे ओळखपत्र संघटना फक्त पुरुषांनाच देत असे. स्त्रियांनी केशभूषाच करावी, असा दंडक होता. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाविरोधी ठरवला. स्त्रीच्या हाती रंगाची पेटीसुद्धा दशकानुदशके नाकारली गेली, यावरून प्रश्न बळाचा कधीच नव्हता, हे स्पष्ट होते. प्रश्न रोजगाराच्या वाटणीचा होता.

बंधू-भगिनींनो, कायद्याने दार उघडले, तरी उंबरठा आपल्या घरातच असतो. आपल्यापैकी अनेकांची वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, कार्यशाळा आहेत. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली विनंती विश्वस्तांना : शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलींसाठी मोटार मेकॅनिक, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रमही स्पष्ट छापावेत. छापलेले नसले की मागायलाही संकोच वाटतो. दुसरी विनंती व्यावसायिकांना : आपल्या कार्यशाळेत स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची बंद खोली बांधावी, आणि शिकाऊ उमेदवार म्हणून निदान एका मुलीला घ्यावे. हे उपकार म्हणून करू नये. पूर्ण वेतन देऊन, पूर्ण काम शिकवून करावे. तिसरी विनंती माता-पित्यांना : सोयरीक जुळवताना मुलीच्या हाताचे ग्रीस झाकू नका. ती कष्टाची खूण आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. गावातून जाताना त्या गॅरेजच्या जागी उभे राहिलेले दुकान दिसते आणि तिचा प्रश्न आठवतो. त्या वेळी आम्ही तिला मशीन देऊ केले होते, पण तिला मशीन नको होते. मशीन समजून घ्यायचे होते. उद्या तिच्यासारखी दुसरी कोणी आपल्या संस्थेच्या दारात अर्ज घेऊन उभी राहील. तिच्यापुढे बसलेल्या चौघांनी या वेळी हसू नये. अर्जावर सही करावी, एवढीच माझी प्रार्थना आहे.