वजन कुठलं, ते लिहून ठेवा



अध्यक्षपदावरून जुन्या नाण्यांच्या आणि वजनमापांच्या सगळ्या क्षेत्राचा आढावा घेण्याची प्रथा आहे. ती बाजूला ठेवून आज मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे: जुनं पितळी वजन. आणि सुरुवात इंग्लंडपासून करणार आहे, कारण जमिनीत सापडलेलं वजन ओळखण्याची शिस्त तिथे चांगली रुजली आहे.

धातुशोधक यंत्र घेऊन नांगरलेल्या शेतांत फिरणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ. नाण्याच्या आशेने खणावं आणि हिरवी पडलेली जाड चकती हाती यावी, हे त्यांचं नेहमीचंच. तिच्यावर राजाचा चेहरा नाही, सन नाही. मग ती ओळखायची कशी?

पहिलं काम काट्याचं, पण काट्यावर सगळा भरवसा टाकता येत नाही. समजा, चकती ११० ग्रॅम भरली. तिकडच्या वाणसामानाचं माप अवर्दुपॉइज. त्यातला औंस २८.३५ ग्रॅमचा, म्हणजे चार औंस ११३.४ ग्रॅम. सोन्याचांदीचं माप ट्रॉय. त्यातला औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे साडेतीन औंस १०८.९ ग्रॅम. नुसता काटा पाहिला तर चकती सोनाराच्या पारड्यात जाते. पण वजनं बहुधा दुपटीच्या चढणीने घडवत, एक, दोन, चार, आठ अशी. त्यात साडेतीन बसत नाही. शिवाय मातीत पितळ झिजतं, आणि वजन नेमकं करण्यासाठी तळाशी भरलेलं शिसं कधी गळून जातं. म्हणजे ते चार औंसांचंच असण्याचा संभव अधिक.

हा संभव पक्का करतात ते शिक्के. चकती तिरप्या उजेडात धरली की बोथट ठसे उठून दिसतात. लंडनमधली पितळी वजनं तपासून त्यांवर ठसा उमटवण्याचा अधिकार पहिल्या जेम्स राजाच्या १६१४च्या सनदेने ओतारी कारागिरांच्या संघाला मिळाला. त्यांची खूण झारी. शहराची खूण उभी कट्यार. ‘ए’ हे अक्षर अवर्दुपॉइजचं. आणि मुकुटाखाली राजाच्या नावाचं आद्याक्षर. तिथे ‘जी’ असेल तर काळ १७१४ ते १८३०, कारण तेवढी वर्षं एकामागून एक चार जॉर्ज गादीवर होते. पुढे १८७९पासून मुकुटासोबत तपासणी करणाऱ्या कचेरीचा क्रमांक येऊ लागला आणि वजन कुठे तपासलं गेलं, तेही कळू लागलं.

नाण्यांची वजनं हा आणखी एक गोड घोटाळा. अठराव्या शतकाच्या अखेरीस चलनातली सोन्याची गिनी ५ पेनीवेट ८ ग्रेन, म्हणजे सुमारे ८.३ ग्रॅम तरी भरावी लागे. म्हणून व्यापारी तेवढ्याच भाराच्या चकत्या बाळगत. पोर्तुगीज सोन्याची नाणीही त्या बाजारात चालत. त्यांच्या वजनांवर २७ किंवा ३६ शिलिंग असा भाव असतो. ते न ओळखणारा माणूस अशी चकती खोटं नाणं म्हणून फेकून देतो.

हे सगळं पुस्तक उघडून आज ना उद्या जुळवता येतं. जे पुन्हा मिळवता येत नाही, ते म्हणजे सापडल्याची जागा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७पासून एक सार्वजनिक नोंदयोजना चालते. जमीनमालकाच्या परवानगीने शोधलेली किरकोळ वस्तूही तिथल्या अधिकाऱ्याला दाखवता येते. तो ती मोजतो, छायाचित्र घेतो आणि ठिकाण नोंदवतो. लंडनचा शिक्का असलेलं वजन दूरच्या खेड्यात निघालं, तर वस्तूबरोबर एक व्यापारी वाटही हाती लागते.

आपल्याकडे जागेच्या नोंदीची गरज त्याहून मोठी आहे. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. मणाचे शेर दोन्हीकडे चाळीसच. म्हणून मुंबईचा शेर भरे सुमारे ३१८ ग्रॅम आणि बंगालचा ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम. कंपनी सरकारने १८३३मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तोही त्याच इंग्रजी ग्रेनवर. तरी गावोगावचे शेर बराच काळ आपापल्या चालीने चालले. गाव माहीत नसलेला अच्छेर किंवा पावशेर आपण काट्यावर ठेवतो, पण तो कोणत्या शेराचा अर्धा आणि कोणत्या शेराचा पाव, ते ठरवायचं कशावरून?

यंत्र घेऊन शेतं धुंडाळायला मी सांगत नाही. १८७८चा निखात निधी कायदा आपल्याकडे आहे, आणि दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आपला खजिना जमिनीवरच आहे: बंद पडलेल्या पेढ्यांत, माळ्यावरच्या डब्यांत आणि मोडीच्या दुकानात, जिथे पितळ किलोच्या भावाने जातं. १९५८पासून दशमान वजनं येऊ लागली आणि जुनी वजनं निरुपयोगी ठरली. ती वापरलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.

म्हणून या अधिवेशनापुढे माझी एकच सूचना आहे. प्रत्येक संग्राहकाने प्रत्येक वजनासोबत एक चिठ्ठी ठेवावी: ते कुणाकडून मिळालं, कोणत्या गावचं, कोणत्या धंद्यातलं, आज किती भरतं आणि शिक्के कोणते. चिंच लावून ते लख्ख करू नये. घासताना पहिला बळी शिक्क्याचा जातो. दुपारच्या प्रदर्शनात मांडलेल्या वजनांपासूनच ही नोंद सुरू करावी, आणि पुढच्या अधिवेशनात ती छापील सूची म्हणून सर्वांसमोर ठेवावी. कार्यकारिणीने हा ठराव घ्यावा, अशी विनंती करतो.