पत्ता कोठून मोजावा?



संकेतस्थळाच्या थीममधील फायलींचे पत्ते हा विषय वसंतऋतूतील सायंकाळी रूक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु आज गावचे ग्रंथालय, शाळा, नाट्यमंडळ यांचीही संकेतस्थळे असतात. आणि ती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविली की चित्रे दिसेनाशी होतात, मांडणी विस्कटते. मग ज्याने ती बांधली त्याचा शोध सुरू होतो, आणि तो सापडला नाही तर संस्थेला सारे पुन्हा करवून घ्यावे लागते.

थीम म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरविणाऱ्या फायलींचा संच. शीर्षपट्टी, मेनू, तळपट्टी हे तिचे भाग एकदाच लिहून पानोपानी वापरावयाचे असतात. त्यांना लागणारी चित्रे कोठे आहेत, हे दोन तऱ्हांनी सांगता येते. शहर, पेठ, घरक्रमांक असा पूर्ण पत्ता ही एक तऱ्हा. 'माजघराला लागून स्वयंपाकघर' ही दुसरी. वाडा सोडवून दुसऱ्या गावी तसाच उभारला, तर पहिला पत्ता फुकट जातो, दुसरा खरा राहतो. या दुसऱ्या तऱ्हेला सापेक्ष पत्ता म्हणतात. वेबवरील अशा पत्त्यांचे नियम रॉय फील्डिंग यांनी जून १९९५ मध्ये आरएफसी १८०८ या लेखात मांडले. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ ने त्यांची जागा घेतली.

तर मग सर्वत्र सापेक्ष पत्ते लिहिले की काम झाले काय? नाही. 'शेजारी' म्हटले की 'कोणाच्या?' हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर ठिकाणानुसार बदलते. पानातील चित्राचा सापेक्ष पत्ता ब्राउझर सामान्यतः त्या पानाच्या पत्त्यापासून मोजतो. म्हणून शीर्षपट्टीतील बोधचिन्ह मुखपृष्ठावर दिसते आणि आतल्या पानावर हरवते. सीएसएस फायलीतील पत्ता मात्र त्या फायलीपासूनच मोजला जातो. म्हणून तिच्यासोबत ठेवलेली चित्रे तिच्याबरोबर सुखाने प्रवास करतात. सर्व्हरवरील पीएचपीची रीत आणखी निराळी. टिंबाने सुरू होणारा पत्ता ती लिहिणाऱ्या फायलीपासून नव्हे, तर त्या वेळच्या चालू फोल्डरपासून मोजते. यावर उपाय म्हणून २००९ च्या ५.३ आवृत्तीत 'डिर' हा स्थिरांक आला. 'हे वाक्य ज्या फायलीत आहे तिचे फोल्डर' एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढ्याने भागाला स्वतःचे घर कळते.

वर्डप्रेसमध्ये आणखी एक पेच आहे. तेथे मूळ थीमवर आधारलेली 'चाइल्ड थीम' करता येते. अशा वेळी फाइल आईच्या घरातील घ्यावी की लेकीच्या? डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीत यासाठी दोन फंक्शने दिली गेली: सर्व्हरवरील मार्गासाठी 'गेट थीम फाइल पाथ' आणि ब्राउझरला द्यावयाच्या पत्त्यासाठी 'गेट थीम फाइल यूआरआय'. दोन्ही आधी लेकीकडे पाहतात. तेथे नसेल तर आईकडे जातात.

सारांश असा. थीममध्ये सर्व्हरचे नाव कोरून ठेवू नये. भागाने आपल्याजवळील वस्तूचा पत्ता आपल्यापासूनच मोजावा; आणि ब्राउझरला पत्ता द्यावयाचा असेल तेथे तो अंदाजाने न लिहिता प्रणालीलाच विचारावा. ही शिस्त पाळण्यास काही क्षण लागतात. न पाळल्याचा भुर्दंड मात्र लिहिणारा भरत नाही. तो भरावा लागतो पाच-सात वर्षांनी येणाऱ्या अनोळखी कार्यकर्त्याला, आणि ज्या संस्थेने तुटपुंज्या वर्गणीतून हे काम करविले तिला. आपले काम आपल्यावाचून चालावे अशा रीतीने करणे, हे कोणत्याही कारागिराचे कर्तव्यच आहे, असे आम्ही मानतो.