वाट कोणी ठरवावी?

सुरतेच्या पर्वत पाटियातून कापडाचे पार्सल नागपुरास धाडावयाचे झाले, तर त्यावर ‘नागपूर’ एवढेच लिहून भागते. वाट वाहतूकदार ठरवितो. परंतु पाठविणारा ‘नंदुरबार व भुसावळ मार्गे’ असेही लिहू शकतो. संगणकांच्या जाळ्यात हिंडणाऱ्या माहितीच्या पाकिटांची रीत अशीच आहे.

या जाळ्याच्या नाक्यानाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. त्याला अनेक दारे असतात. त्यांस इंटरफेस म्हणतात. पाकीट आले की राउटर त्यावरील पत्ता आपल्या मार्गकोष्टकाशी ताडून पाहतो. ज्या नोंदीचे आरंभापासून सर्वांत अधिक अंक जुळतात, तिच्यापुढचे दार पाकिटाला मिळते. ‘महाराष्ट्र’ आणि ‘नागपूर’ अशा दोन नोंदी असल्या, तर नागपूरची नोंदच प्रमाण.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पाकिटाला मार्गशीर्ष जोडता येते. त्यात थांब्यांची यादी असते. मग प्रत्येक राउटर ती यादी वाचून दार निवडतो काय? तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते खरे नव्हे. दर्शनी भागावर केवळ पुढील थांब्याचा पत्ता असतो आणि मधले राउटर सामान्यतः तेवढाच वाचतात. तो थांबा आला म्हणजे तेथील राउटर यादी उघडतो, उरलेल्या थांब्यांचा आकडा एकाने घटवितो, पुढील पत्ता दर्शनी ठेवतो आणि पुन्हा आपल्या कोष्टकावरूनच दार निवडतो. यादी थांबे सांगते. दार राउटरच ठरवितो. अलीकडे काही पत्त्यांना ‘अमुक दारानेच जावे’ असा अर्थ असतो. पण तो अर्थही त्या राउटरावरच आधी नोंदवावा लागतो.

पाठविणाऱ्याच्या या मुभेत एक धोकाही दडला होता. यादीत दोन राउटरांचे पत्ते आळीपाळीने अनेकदा लिहिले, की एकच पाकीट त्यांच्यामध्ये येरझारा घालीत राही आणि मधला मार्ग तुंबे. म्हणून डिसेंबर 2007 मध्ये मार्गशीर्षाचा तो पहिला प्रकार मानकातून बाद करण्यात आला. मार्च 2020 मध्ये नवा प्रकार मानक म्हणून प्रसिद्ध झाला, तो मुख्यतः एकाच व्यवस्थापनाखालील, परस्परांवर विश्वास असलेल्या जाळ्यासाठी. परक्याने लिहून आणलेली यादी तेथे वेशीवरच अडविणे अपेक्षित असते.

‘मार्गे’ लिहिण्याचा अधिकार कोणालाही देता येतो. पण त्या अक्षरांचा मान कोठवर राखावा, हे रस्ता सांभाळणाऱ्यालाच ठरवावे लागते.