शिपरॉक आणि पेनांग : नवाहो व मलेशियन समाजांची तुलना

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतील नवाहो ही आदिवासी जमात कोठे आणि आग्नेय आशियातील मलेशिया कोठे! या दोन समाजांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, हवापाणीही वेगळे. एकीकडे कोरडे माळरान, दुसरीकडे बारमाही पाऊस. मग यांची तुलना करायची ती कशासाठी?

त्याचे कारण आमच्या वर्गातील एका प्रसंगात आहे. दहावीला चांगले गुण मिळवलेली एक मुलगी पुढे शिकायला आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, ती शिवणकामाच्या कारखान्यात कामाला लागली. मी तिच्या वडिलांना भेटलो. ते म्हणाले, "सर, शिकून शेवटी कामच करायचे ना? ते तर आत्ताच मिळाले आहे." गृहस्थ सज्जन, कष्टाळू. घरात खाणारी तोंडे सहा. मला त्या वेळी त्यांना नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधता शोधता मी नवाहो आणि मलाय मुलींच्या हकिकतीपर्यंत येऊन पोहोचलो.

प्रथम नवाहोंकडे पाहू. ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा राखीव प्रदेश सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा थोडा कमी. जमातीच्या नोंदणीत आज सुमारे चार लाख माणसे आहेत, परंतु त्यांतील पुष्कळजण पोटासाठी बाहेर राहतात. १८६४ साली अमेरिकन लष्कराने या लोकांना शेकडो मैल पायी चालवत एका छावणीत नेऊन डांबले. चार वर्षे उपासमार व रोगराई सोसल्यावर १८६८ च्या तहाने त्यांना मायभूमीत परतता आले. शाळेत जाण्यास तयार होणाऱ्या दर तीस मुलांमागे एक शिक्षक देण्याचे वचन सरकारने त्याच तहात दिले होते. प्रत्यक्षात पुढे जी शाळा आली ती बहुधा वसतिगृहाची, घरापासून दूर. तेथे मुलांनी मातृभाषेतून बोलणे हा गुन्हा समजला जाई. आणि दैवाचा खेळ असा की, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांना उलगडू नये असा सांकेतिक संदेश पाठवण्यासाठी अमेरिकेने याच भाषेचा आधार घेतला!

नवाहोंची खरी संपत्ती म्हणजे मेंढरे. कुळ आईच्या बाजूने चालते आणि बऱ्याच मेंढरांची मालकी स्त्रियांकडे असे. लोकर त्यांची, माग त्यांचा, आणि त्यावर विणलेल्या गालिच्यांचा पैसाही त्यांचाच. १९३३ नंतर सरकारने चराईने जमीन धुपते असे कारण देऊन कळप निम्म्याच्या आसपास कमी केले. धूप होत होती हे खरे. परंतु उपाय ठरवताना त्या बायांना कोणी विचारले नाही. घरातील स्त्रीच्या हातचे उत्पन्न गेले आणि मजुरी हाच मार्ग उरला. पुरुष युरेनियमच्या खाणींत उतरले. १९४४ ते १९८६ या काळात तेथून सुमारे तीन कोटी टन खनिज निघाले. धुळीचा धोका कामगारांना सांगितला गेला नाही. पुष्कळांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठले. भरपाईचा कायदा झाला तो १९९० मध्ये. पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून देण्यात आल्या आणि त्यांची साफसफाई अजून पुरी झालेली नाही.

आता मलेशिया. १९५७ साली मलाया स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये मलेशिया हे संघराज्य स्थापन झाले. मलाय, चिनी आणि भारतीय, मुख्यतः तमिळ, असे तीन मोठे समाज. इंग्रजी अमलात त्यांची जणू कामे वाटून दिली गेली होती. मलाय माणूस खेड्यात भातशेती, मासेमारी किंवा थोडेसे रबर करणारा. चिनी माणूस कथिलाच्या खाणीत आणि शहरातील व्यापारात. तमिळ मजूर रबराच्या मळ्यात. १९७० साली द्वीपकल्पातील सुमारे निम्मी कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती आणि त्यांत मलायांचा भरणा अधिक. कंपन्यांच्या भागभांडवलात मलाय व इतर भूमिपुत्रांचा वाटा होता अवघा २.४ टक्के. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये भीषण वांशिक दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे मेली. त्या धक्क्यातून १९७१ चे 'नवे आर्थिक धोरण' आले. त्याची उद्दिष्टे दोन : वंशाचा विचार न करता सर्वांचे दारिद्र्य हटवणे, आणि अमुक वंश म्हणजे अमुक धंदा हे समीकरण मोडणे.

येथून आपल्या दोन कथा एकमेकींजवळ येतात. १९६५ साली फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीने नवाहो प्रदेशातील शिपरॉक या गावी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जुळवण्याचे काम सुरू केले. १९६९ मध्ये मोठी नवी इमारत उभी राहिली. ऐन भरात तेथे हजाराहून अधिक कामगार होते आणि त्यांत बहुसंख्य नवाहो स्त्रिया. कंपनीने त्याच वर्षी काढलेल्या पुस्तिकेत नवाहो गालिच्याची नक्षी आणि चिपवरील रेषांची जाळी शेजारीशेजारी दाखवली होती. जणू माग चालवणाऱ्या बोटांचा जन्मच सूक्ष्मदर्शकाखाली तार जोडण्यासाठी झाला आहे!

त्यानंतर सात वर्षांनी, १९७२ मध्ये, मलेशियाच्या पेनांग बेटावर बायान लेपास येथे करमुक्त औद्योगिक क्षेत्र सुरू झाले. इंटेल, नॅशनल सेमीकंडक्टर, हेवलेट-पॅकार्ड, हिताची अशा कंपन्या भाताच्या खाचरांच्या जागी आल्या. तेथेही कामाला घेतल्या त्या खेड्यांतील मुलीच, आणि तेथेही 'पौर्वात्य स्त्रीची नाजूक बोटे' हीच स्तुती. बंधुहो, बोटे नाजूक म्हणून काम मिळाले, हे कौतुक नीट पारखून घ्या. त्याचा दुसरा अर्थ असा की, हे कसब निसर्गदत्त आहे, तेव्हा त्याची वेगळी किंमत मोजण्याचे कारण नाही!

या मलाय मुलींचे दिवस सुखाचे नव्हते. तीन पाळ्या, सूक्ष्मदर्शकावर शिणलेले डोळे, वर पर्यवेक्षकाचा धाक. गावात परतल्यावर 'मिनाह करान' हे टोपणनाव. करान म्हणजे विजेचा प्रवाह. कारखान्यात जाणारी पोर बिघडलेली, असा त्यात टोमणा. आयह्वा ओंग या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने या मुलींवरील आपल्या १९८७ च्या ग्रंथात लिहिले आहे की, चालू पाळीत मुली एकाएकी किंचाळत, अंगात आल्यासारख्या करत. एकीला झाले की दुसरीला होई आणि काम बंद पडे. व्यवस्थापन मांत्रिकाला बोलावी. मला यात भूतबाधा दिसत नाही. ज्यांना तक्रार करण्याची सोय नव्हती त्यांची ती तक्रार होती. या धंद्यातील कामगारांना सरकारने दीर्घकाळ संघटना करू दिली नाही. १९८८ मध्ये मुभा दिली तीही ज्या त्या कंपनीपुरती.

तथापि पुढे काय घडले ते पाहा. १९७४–७५ च्या मंदीत शिपरॉकला कामगारकपात सुरू झाली. फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकन इंडियन चळवळीच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी कारखाना ताब्यात घेतला. आठवडाभराने ते बाहेर पडले, परंतु कंपनीने कारखाना पुन्हा उघडलाच नाही. दहा वर्षे राबलेल्या स्त्रियांच्या हाती एक कसब होते, मात्र ते विकत घेणारा दुसरा मालक शेजारी नव्हता. मंदी पेनांगलाही आली, कपात तेथेही झाली. पण तेथे एक दार बंद झाले तर ठोठवायला शेजारचे दुसरे होते. १९८९ मध्ये राज्य सरकार आणि कंपन्या यांनी मिळून पेनांग कौशल्य विकास केंद्र काढले. कारागिराला तंत्रज्ञ होण्याची वाट तेथे मिळू लागली. आज जगातील चिपची जुळणी व चाचणी यांपैकी सुमारे १३ टक्के काम मलेशियात होते.

हा फरक का पडला? मलाय मुली अधिक कष्टाळू आणि नवाहो मुली आळशी, असे कोणी म्हणेल तर ते सर्वस्वी खोटे आहे. माझ्या मते कारणे तीन आहेत.

पहिले कारण निर्णयाच्या सत्तेचे. मलाय समाज देशात संख्येने मोठा होता आणि राज्यकारभार त्याच्या हाती होता. नवाहोंना आपली परिषद आहे, परंतु त्यांच्या जमिनीचे विश्वस्त केंद्र सरकार. स्वतःच्या घराखालील जागा सहजासहजी गहाण टाकता येत नाही. मग धंद्याला कर्ज कसे मिळणार? प्रदेशाच्या एका भागात तर १९६६ पासून २००९ पर्यंत सरकारी बंदीमुळे परवानगीवाचून घराची दुरुस्तीही करता येत नव्हती. आजही नवाहो प्रदेशातील सुमारे ३० टक्के घरांत नळाचे पाणी नाही. त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्यास १८६८ च्या तहाने सरकार बांधलेले नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

दुसरे कारण गावातील भांडवलाचे. मलेशियाने केवळ कारखान्यावर भिस्त ठेवली नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या 'फेल्डा' या संस्थेने लाखाहून अधिक भूमिहीन कुटुंबांना रबर व तेलताडाच्या जमिनीवर वसवले. हजयात्रेसाठी शेत विकण्याची वेळ शेतकऱ्यावर येऊ नये म्हणून अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी बचतीची योजना सुचवली. तीतून १९६३ मध्ये 'ताबुंग हाजी' उभी राहिली. पै-पैची बचत व्याज टाळून उद्योगात गुंतवली जाऊ लागली.

तिसरे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण शिक्षणाचे. नव्या धोरणात शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठे यांवर मोठा खर्च झाला. कारखान्यात जाणाऱ्या बहिणीच्या पगारावर धाकटी भावंडे शिकली. आज मलेशियाच्या सरकारी विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. नवाहोंनी स्वतःचे महाविद्यालय १९६८ मध्ये काढले. अमेरिकेतील कोणत्याही जमातीने स्वतः चालवलेले ते पहिले. परंतु कारखान्यातून त्या महाविद्यालयाकडे आणि तेथून वरच्या जागेकडे नेणारी शिडी तयार होण्याआधीच कारखाना उठून गेला.

मलेशियाचे चित्र मात्र नुसते उजळ समजू नका. द्वीपकल्पातील दारिद्र्य १९९० पर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर आले, हे खरे. भूमिपुत्रांचा भांडवली वाटा ३० टक्के करायचा होता, तो १९ टक्क्यांच्या आसपास अडला, आणि त्यातलाही मोठा भाग सत्तेजवळच्या मंडळींना गेला अशी टीका झाली. गुण असूनही चिनी व भारतीय मुलांना विद्यापीठात जागा मिळेना. रबराचे मळे मोडले तेव्हा तमिळ मजुरांचे काम आणि राहते घर एकदमच गेले. आणि खुद्द मलेशियातच 'ओरांग अस्ली', म्हणजे मूळचे लोक, नावाच्या जमाती आहेत. त्यांची अवस्था नवाहोंशी अधिक मिळतीजुळती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर ते जणू सरकारच्या मर्जीने राहणारे. विमानतळाच्या महामार्गासाठी जमीन घेतलेल्या तेमुआन लोकांचा त्या जमिनीवर मालकीहक्क आहे, असे न्यायालयाने मान्य केले ते २००२ साली. भूमिपुत्रांसाठी आखलेल्या धोरणात जुन्यातला जुना भूमिपुत्रच मागे राहिला. बहुसंख्य समाज वर आला म्हणजे सर्वांत खालचा माणूस आपोआप वर येतो, असे नाही.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. शिकून शेवटी कामच करायचे, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. मी कामाला कमी लेखत नाही. शिपरॉकच्या बायांनी त्या कामावर घरे चालवली, पेनांगच्या मुलींनी भावंडे शिकवली. परंतु काम देणारा आपल्या सोयीने येतो आणि आपल्या सोयीने जातो. तो गेल्यावर आपल्या हाती काय उरते, हा खरा प्रश्न आहे. केवळ एका यंत्रापुरते कसब उरले तर ते यंत्राबरोबर जाते. पुढची पायरी चढण्याइतके शिक्षण उरले तर दुसरे दार ठोठावता येते.

अर्थात केवळ उपदेशाने त्या घरातील सहा तोंडांचे पोट भरणार नाही, हे मी शिक्षक असूनही जाणतो. म्हणून पालकांना दोष देऊन थांबणे मला योग्य वाटत नाही. कामावर जाणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळचा वर्ग, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी मार्गदर्शन आणि फीपुरता छोटासा निधी, एवढे तरी आपल्या संस्थेने या वर्षी सुरू करावे अशी मी अध्यक्ष महाशयांना नम्र विनंती करतो. वर्ग मी घेईन. त्या मुलीच्या वडिलांना मी पुन्हा भेटणार आहे. त्या वेळी माझ्याजवळ उत्तराबरोबर वर्गाची वेळही सांगण्यासारखी असावी, एवढीच इच्छा आहे.