माझीं पहिलीं पानें



विद्यार्थिदशेचे अनुभव म्हटले म्हणजे शाळा, पाटी आणि छडी हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. माझी विद्यार्थिदशा मात्र चाळिशीनंतरची आहे. त्या वयांत मीं संगणकावर वेब-पानें लिहिण्याचा श्रीगणेशा केला. त्या धडपडींतल्या दोनतीन गोष्टी आज आपणांस सांगावयाच्या आहेत. त्यांत पराक्रम कोठेंच नाहीं. फजिती मात्र पुष्कळ आहे.

हीं पानें म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. १९८९ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञानें निरनिराळ्या संगणकांवरील लेख एकमेकांस दुव्यांनीं जोडण्याची योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ती विद्या सर्व जगाला विनामूल्य खुली केली. पानाचा सांगाडा ज्या भाषेंत लिहितात ती एचटीएमएल, त्याचा पोशाख ठरविते ती सीएसएस आणि त्याला हालचाल व हिशेब शिकविते ती जावास्क्रिप्ट. या तिघींचीं कामें निराळीं आहेत, एवढें समजावयासच मला महिना लागला.

शिकावयाचें तर कांहींतरी उपयोगाचें करावें, असें मीं ठरविलें. माझी आई आळींतल्या बारा बायकांची भिशी चालविते. दरमहा प्रत्येकीचे ५०० रुपये, आणि जिची चिठ्ठी निघेल तिला ६००० रुपये. सारा हिशेब एका लाल बासनाच्या वहींत. आतां आईची दृष्टि मंदावली आहे; म्हणून मोठ्या अक्षरांत नांवें दाखविणारें आणि आपोआप बेरीज करणारें एक पान तिला करून द्यावें, हा माझा पहिला संकल्प.

पहिल्याच दिवशीं विघ्न आलें. मीं 'भिशी' असें लिहिलें आणि पडद्यावर मात्र डोक्यावर तिरप्या रेघा असलेलीं रोमन अक्षरें व कसलींशीं चिन्हें यांची रांग उमटली. दोन रात्री मीं टंकाला दोष देत बसलों. दोष माझाच होता. संगणकाला अक्षर कळत नाहीं. त्याला कळतो केवळ क्रमांक. यूनिकोड या पद्धतींत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि देवनागरींतलें एकेक चिन्ह यूटीएफ-८ या लेखनरीतीनें तीन बाइटांत सांठविलें जातें. मीं कोणती रीत वापरली, हें पानाच्या आरंभीं सांगितलेंच नव्हतें. त्यामुळें ब्राउझरनें तीन बाइटांचें एक अक्षर न वाचतां तीन निराळीं अक्षरें वाचलीं. एक ओळ घातली मात्र, आणि 'भिशी' जशीच्या तशी प्रकट झाली. त्या रात्रीं मला झालेला आनंद लहान मुलाच्या आनंदाहून कमी नव्हता.

पुढची पायरी बेरजेची. दोन चौकटींत ५०० आणि ५०० असे आंकडे घातले. उत्तर आलें ५००५००! आई शेजारीं होती. ती म्हणाली, "अरे, दोघींनींच पांच लाख भरले कीं काय?" चौकटींत जें टंकिलें जातें तें संगणकाच्या लेखीं संख्या नसून अक्षरांची माळ असते; आणि दोन माळांमध्यें अधिकचिन्ह आलें कीं, जावास्क्रिप्ट त्या एकीपुढें एक ओवते. माळेची संख्या करून घ्या, असें आधीं सांगावें लागतें. तें मीं सांगितलें, उत्तर १००० आलें, आणि मी निश्चिंत झालों.

ही निश्चिंतीच मला भोंवली. भिशीच्या दिवशीं बाराही जणी जमल्या. आईनें आपल्या संवयीप्रमाणें मराठी आंकडे घातले, आणि बेरजेच्या जागीं तीन रोमन अक्षरें उमटलीं. 'ही संख्या नव्हे' असा त्यांचा अर्थ! जावास्क्रिप्टची ती सोय देवनागरी अंकांना संख्या मानीत नाहीं. आणि मीं सारी परीक्षा इंग्रजी अंकांवरच घेतली होती. बायका एकमेकींकडे पाहूं लागल्या. भिशींतली चूक ही केवळ बेरजेची चूक नसते; बारा घरांच्या विश्वासाला ती तडा देते. आईनें कांहीं न बोलतां वही उघडली आणि चिठ्ठी काढली.

रात्रीं ती एवढेंच म्हणाली, "तूं ताळा पाहिला होतास का?"

मीं ताळा पाहिला नव्हता. मला हवें तें उत्तर येतांच मीं थांबलों होतों. दुरुस्ती सोपी होती. यूनिकोडमध्यें मराठी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. प्रत्येक अंकाच्या क्रमांकांतून २४०६ वजा केले कीं, त्याची किंमत हातीं येते. परंतु त्याहून मोठा धडा निराळा होता. तेव्हांपासून कोणताहि बदल करण्यापूर्वीं अपेक्षित उत्तर मी कागदावर लिहितों. मग इंग्रजी अंक, मराठी अंक, रिकामी चौकट, चुकून पडलेलें अक्षर, हें सारें घालून पाहतों. पान बिघडविण्याचा प्रयत्न प्रथम आपणच करावा. म्हणजे तें दुसऱ्याच्या हातीं लाजवीत नाहीं.

आज तें पान चालतें. तरीहि आई वही लिहितेच, आणि महिन्याच्या अखेरीस दोन्हींचा मेळ घालते. पूर्वीं मला हें अविश्वासाचें वाटलें असतें. आतां मीच तिच्या शेजारीं बसून आंकडे वाचून दाखवितों. आपणांपैकीं कोणी ही विद्या शिकूं पाहत असेल, तर त्यानें पहिलें पान जवळच्या एखाद्या माणसाच्या गरजेसाठीं लिहावें. चूक दाखविणारें माणूस शेजारीं असलें कीं, शिकणें लवकर होतें.