पहिल्या ओळीचे मोल

(दुसरबीड, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



शोधयंत्रावरील जाहिरात आणि ग्राहकाची वागणूक हा आजचा विषय. हा विषय मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांचा, आपल्या गावास त्याचे काय प्रयोजन, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असल्यास ती स्वाभाविक आहे. तिचे निरसन मी एका पंपापासून करू इच्छितो.

हरभऱ्याला रात्रीचे पाणी देऊन कंटाळलेला शेतकरी सौर पंपाची माहिती कशी मिळवतो, हे आपण रोज पाहत आहात. पूर्वी तो ग्रामसेवकास वा कृषी सहायकास विचारी. आज तो प्रथम खिशातील मोबाइल काढतो आणि ‘सौर पंप अर्ज’ एवढे तीन शब्द लिहितो, किंवा नुसते बोलतो. क्षणार्धात यादी येते. त्या यादीतील पहिल्या ओळीवर बहुधा त्याचे बोट पडते. ती पहिली ओळ तेथे कोणी आणि कशी बसविली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हे समजण्यास पंचायतीच्या सदस्यांना मुळीच अडचण पडू नये. आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव आपल्याला ठाऊक आहे. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या जागेचे महत्त्वही ठाऊक आहे. तेथे बसणाऱ्याचा माल आतल्यापेक्षा चांगला असतोच असे नाही, पण गिऱ्हाईक प्रथम त्याच्यापाशी थांबते. आता अशी कल्पना करा की वेशीवर एक माणूस उभा आहे. प्रत्येक येणाऱ्यास तो विचारतो, ‘आपणास काय घ्यावयाचे आहे?’ उत्तर मिळताच, तोंडाशी कोणत्या दुकानदाराने बसावे याचा लिलाव त्या एका गिऱ्हाइकापुरता त्याच क्षणी होतो. पुढचे गिऱ्हाईक आले की पुन्हा नवा लिलाव. शोधयंत्रावरील जाहिरातीचा व्यवहार असा आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात सर्वांना दिसते, ज्यास गरज नाही त्यासही. येथे मात्र गरज उच्चारणाऱ्यापुढेच जाहिरात ठेवली जाते. म्हणून विक्रेत्यास ती सोन्यासारखी वाटते, आणि म्हणूनच गरजवंताने तेथे अधिक सावध असावयास हवे.

या पद्धतीचा आरंभ अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील बिल ग्रॉस या उद्योजकाने १९९८ साली ‘गोटू’ नावाच्या शोधयंत्रावर बोली लावून जागा विकण्यास सुरुवात केली. गूगलने २००० साली आपली जाहिरात सेवा काढली आणि २००२ साली तीत टिचकीगणिक आकार व लिलाव ही पद्धत आणली. गंमत अशी की गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी विद्यार्थी असताना, १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, जाहिरातीच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतः जाहिरातदाराकडे झुकेल व ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल, असे स्वतःच नोंदवून ठेवले होते. पुढे त्यांची कंपनी त्याच पैशावर जगातील मोठ्या कंपन्यांत गणली गेली.

लिलाव कसा होतो ते कल्पित आकड्यांनी सांगतो. ‘ठिबक संच’ या शब्दांसाठी तीन विक्रेत्यांनी प्रत्येक टिचकीस अनुक्रमे वीस, पंधरा व दहा रुपयांची बोली लावली असे समजू. केवळ बोलीवर निकाल लागत नाही. शोधयंत्र प्रत्येकाच्या जाहिरातीस दर्जाचे गुण देते. ते चार, आठ व सात आहेत असे धरू. बोली व गुण यांचा गुणाकार ऐंशी, एकशेवीस व सत्तर येतो. म्हणजे पंधरा रुपये बोलणारा पहिला, वीस बोलणारा दुसरा. आणि पहिल्यास पंधरा रुपये भरावे लागत नाहीत. खालच्याच्या ऐंशीस मागे टाकण्यापुरते, म्हणजे दहा रुपयांच्या थोडे वर पुरते. दुसऱ्यास मात्र, गुण कमी असल्यामुळे, साडेसतराच्या वर मोजावे लागतात. प्रत्यक्षातील हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, परंतु तत्त्व हेच.

येथे ‘दर्जा’ या शब्दापाशी थांबणे अवश्य आहे, कारण सुशिक्षित माणसेही येथेच फसतात. हा दर्जा मालाचा नव्हे. लोक या जाहिरातीवर टिचकी मारतील काय, ती विचारलेल्या शब्दांशी जुळते काय, टिचकीनंतर उघडणारे पान नीट आहे काय, एवढेच त्यात पाहिले जाते. ठिबकची नळी किती वर्षे टिकेल, पंप बसविणारा दुरुस्तीस पुन्हा येईल काय, याचे गुण त्यात नाहीत. नीटनेटके पान, ओळखीचे शब्द व राजमुद्रेसारखे चित्र लावणारा लबाडही या परीक्षेत बरे गुण मिळवू शकतो. पकडला गेल्यास त्याची जाहिरात बंद होते हे खरे, पण तोपर्यंत कोणाचे तरी पैसे गेलेले असतात.

आता ग्राहकाच्या वागणुकीकडे वळू. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे शोधाच्या याद्या ठेवल्या व त्यांतील काही मुद्दाम उलट्या केल्या. तळाचे उत्तर वर, वरचे तळाशी. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी तरीही वरच्याच ओळींकडे वळले. मजकुरापेक्षा क्रमावर त्यांची भिस्त अधिक होती. विद्यापीठातील तरुणांची ही कथा, तर बांधावर उभे राहून, उन्हात, तळहाताएवढ्या पडद्यावर वाचणाऱ्याकडून आपण किती अपेक्षा करावी? त्या पडद्यावर जाहिराती असल्या की खरे उत्तर पुष्कळदा बोट सरकवल्याखेरीज दिसत नाही. पूर्वी जाहिरातींच्या मागे फिकट रंगाचा पट्टा असे. २०१३ च्या सुमारास तो गेला. आज ‘प्रायोजित’ असा एक छोटा शब्द काय तो उरला आहे. प्रायोजित म्हणजे पैसे देऊन बसविलेले, हे वर्गातील किती मुलांना ठाऊक आहे, हे शिक्षकांनी उद्याच विचारून पाहावे. मला वाटते हा शब्दच चुकला आहे. ‘जाहिरात’ हा सर्वांस कळणारा शब्द हाताशी असताना ‘प्रायोजित’ कशासाठी?

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. घरातील धुलाई यंत्र बंद पडले तेव्हा कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा क्रमांक मी मोबाइलवर शोधला आणि वरचा पहिला लावला. माणूस तत्परतेने आला, भाग बदलला, पैसे घेऊन गेला. यंत्र आठ दिवसांत पुन्हा बंद पडल्यावर कळले की तो कंपनीचा नव्हताच. कंपनीचा खरा क्रमांक यंत्राच्या हमीपत्रावर, कपाटात पडून होता. हा अनुभव सांगताना मला संकोच वाटतो. ग्राहक शिक्षणावर भाषणे करणाऱ्यास तो शोभत नाही.

सौर पंपाकडे परत येतो. पंतप्रधान कुसुम योजना २०१९ साली सुरू झाल्यानंतर तिच्या नावाने नोंदणी शुल्क गोळा करणारी खोटी संकेतस्थळे निघाली. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी जाहीर सूचना काढून लोकांस सावध केले आणि ही योजना राज्यांच्या यंत्रणांमार्फत राबविली जाते हे स्पष्ट केले. अशी स्थळे लोकांच्या दृष्टीस पडण्याचे मार्ग अनेक; शोध हा त्यांतील एक, व्हॉट्सॲपवरील संदेश हा दुसरा. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू केली. तीत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा पाच टक्के ठेवण्यात आला. एवढ्या कमी पैशांत पंप मिळतो म्हटल्यावर शोधणारे हजारो असणार, आणि ज्या शब्दांचा शोध अधिक, त्या शब्दांवर डोळा ठेवणारेही अधिक.

पुष्कळदा आपण सोपा उपाय सांगतो की ‘गव्ह डॉट इन’ने संपणारा पत्ताच खरा. हा सल्ला बरा आहे, पुरा नाही. याच योजनेचा अर्ज ज्या महावितरणकडे करावयाचा, त्या शासकीय कंपनीचा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा आहे. त्यात ‘गव्ह’ हे अक्षर नाही. महाऊर्जेचाही पत्ता ‘डॉट कॉम’ने संपतो. मग शेतकऱ्याने काय करावे? शासकीय संस्थांनी आपले पत्ते एकाच धर्तीवर आणावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, व येथे बसलेल्या अधिकाऱ्यांनी ते वर कळवावे. तोपर्यंत शोधापेक्षा पत्ता विश्वासार्ह. पत्ता ठाऊक असणाऱ्यास बाजाराच्या तोंडाशी थांबावेच लागत नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूस बराच आला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच महिन्यात ई-वाणिज्य नियम निघाले. त्यांनुसार अनेक विक्रेत्यांचा माल मांडणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेने, वस्तूंचा वा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला आहे हे सोप्या भाषेत सांगावयाचे असते. तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करावयाचे असते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार वर्ज्य ठरविले. बातमी वा माहितीच्या वेषातील जाहिरात हा त्यांपैकी एक. स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधाच्या मांडणीतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला होता. त्या प्रकरणातील एक तक्रारदार विवाह जुळविणारी भारतीय कंपनी होती. परंतु दुसरबीडच्या ग्राहकास यांहून उपयोगाची एक तरतूद आहे. ग्राहकास आता आपण राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता बंगळूरचा असो वा दिल्लीचा, तक्रार बुलढाण्यास करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तीवर शुल्क नाही. ‘१९१५’ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो.

मात्र हे सारे खऱ्या दुकानदाराविरुद्ध. चोरट्याविरुद्ध आयोगाचा कागद पोहोचवायचा कोठे? तेथे ‘१९३०’ हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक, आणि तोही विनाविलंब. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी ते रोखता आले तर येतात. लाजेपोटी दोन दिवस घरात कोणास न सांगणाऱ्याचे बहुधा जातात.

या यंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर केवळ भीती घालून मी निघून जाईन. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी आणि लोणारच्या सरोवरास येणारा प्रवासी जेवण, पंक्चर व मुक्कामाची सोय मोबाइलवर विचारतो. आपल्या खानावळीची, बचत गटाच्या पापड-मसाल्याची, शेतकरी कंपनीच्या डाळीची नोंद नकाशावर विनामूल्य करता येते. ती न केल्यास प्रवासी समोरून निघून जातो, आणि केल्यावर लक्ष न ठेवल्यास निराळाच धोका. २०१८ साली बँकेच्या शाखांपुढील दूरध्वनी क्रमांक नकाशावर बदलून लुबाडणूक झाल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. आपल्या नावापुढे आपलाच क्रमांक आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहण्यास पैसे पडत नाहीत. पैसे देऊन जाहिरात करण्याची घाई मात्र बचत गटांनी करू नये. प्रत्येक टिचकीस दहा रुपये जात असतील आणि पन्नासांत एक गिऱ्हाईक मिळत असेल, तर एका पाकिटामागे पाचशे रुपये गेले. हा हिशेब बैठकीत आधी मांडावा.

शिक्षकांस एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात तीन मोबाइल घेऊन एकच शब्द शोधावा, प्रायोजित ओळी मोजाव्यात, आणि त्या ओळीशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून जाहिरात कोणाची आहे ते मुलांकडून वाचून घ्यावे. जाहिरातदाराचे नाव व देश तेथे पुष्कळदा मिळतो. मुले घरी जाऊन हे सांगतील. आजोबांचा मोबाइल बहुतेक घरांत नातूच चालवतो.

आणि पंचायतीने एक फलक लावावा. त्यावर महावितरण, महाडीबीटी, आपले सरकार व पीक विमा यांचे नेमके पत्ते, १९१५ व १९३० हे क्रमांक, आणि ‘शोधू नका, हा पत्ता लिहा’ एवढी सूचना असावी. पत्ते बदलतात, म्हणून फलकावर शेवटच्या तपासणीची तारीख लिहिण्यास जागा सोडावी, आणि ती तारीख दर महिन्यास कोणी लिहावयाची, त्याचे नाव याच सभेत ठरवून घ्यावे.