बसऱ्याचे आजोबा

(१९७४ च्या अकरावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. लंडनची थंडी आणि तिथे मिळणारी मेथी याबद्दल आपण जेवताना बोलू. मी एक वस्तू आणली आहे, तिच्याबद्दल बोलते. हे बघा, भाजलेल्या मातीचं लाल फूल. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त पाडू नका. याला सळईचा देठही आहे, पण तो विमानात नेऊ देतील की नाही या भीतीनं घरीच ठेवून आले.

हे पॉपीचं फूल, आपल्या अनारशावरच्या खसखशीचं रानटी भावंड. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या तोफांनी उकरलेल्या जमिनीत ही फुलं उगवली. तेव्हापासून इंग्लंडमध्ये नोव्हेंबर आला की लोक युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कागदी पॉपी कोटाला लावतात. २०१४ साली त्या युद्धाला शंभर वर्षं झाली. तेव्हा पॉल कमिन्स या कलाकारानं आणि टॉम पायपर या नेपथ्यकारानं टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकात अशी फुलं रोवायला घेतली. हातानं केलेली, त्यामुळे एकासारखं दुसरं नाही. एका मृत सैनिकामागे एक फूल. जुलैत सुरुवात झाली आणि ११ नोव्हेंबरला शेवटचं फूल लागलं, तेव्हा आकडा होता ८,८८,२४६. मी तीनदा बघायला गेले. पहिल्यांदा नुसतं सुंदर वाटलं, हे कबूल करते. तिसऱ्यांदा खंदकाकडे बघवेना.

फुलं पंचवीस पौंडांना एक अशी विकली आणि पैसे सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेले. यांनी माझ्यासाठी एक नोंदवलं. खोक्यातून घरी आलं, तेव्हा मी ते हातात धरून बसले आणि मनात आलं, हे नक्की कोणाचं?

कारण तिथे आणखी एक गोष्ट होत असे. रोज संध्याकाळी खंदकात १८० मृतांची नावं वाचली जात आणि मग बिगुल वाजे. ही नावं लोकांनी सुचवायची होती. मी अर्ज उघडून बसले. पहिलाच रकाना नावाचा. मला नाव माहीत नव्हतं.

आमचं गाव तुम्हाला ठाऊक आहे, हुरड्याला आला होतात सगळे. चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलेला आहे. या गावातून इतके जण १९१४-१९ च्या मोठ्या लढाईला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यावर लिहिलं आहे. त्या 'पैकी'मधला एक माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. मराठा पलटणीत भरती झाला, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेला, परत आला नाही. त्याची बायको म्हणजे आमची मोठी आजी. सतरा-अठराव्या वर्षी विधवा झाली आणि आमच्या घरात ऐंशीपर्यंत जगली.

तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही. ती पिढीच तशी. माझी सख्खी आजी धाकटी जाऊ, तीही थोरल्या दिराचं नाव घेत नसे. आजोबा 'दादा' म्हणायचे, वडील 'बसऱ्याचे काका' आणि आम्ही 'बसऱ्याचे आजोबा'. घरात माणूस होता, नाव नव्हतं. माझ्या लग्नात आग्रहानं मी उखाणा घेतला. मोठी आजी आतल्या खोलीत बसली होती, विधवेनं मांडवात यायचं नाही म्हणून. मी पाया पडायला गेले तर म्हणाली, "मलाबी येत हुता एक. इसरले."

नाव लिहिलेली एक वस्तू मात्र तिच्या पेटीत होती. चहाच्या बशीएवढी काशाची जाड चकती. त्यावर हातात माळ घेतलेली बाई, सिंह आणि इंग्रजी अक्षरं. मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशी चकती पाठवली होती. मोठी आजी ती दसऱ्याला चिंचेनं घासायची, शस्त्रांबरोबर ठेवायची आणि पुन्हा पेटीत.

आठवीत इतिहासाच्या प्रदर्शनासाठी मी ती शाळेत आणली होती. आठवतंय? सरांनी वर्गात वाचून दाखवली. नाव वाचलं आणि मग कडेनं लिहिलेल्या ओळीचा अर्थ सांगितला: तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कुणाच्या स्वातंत्र्यासाठी?" सर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "हे तू मोठा झालास की मला येऊन सांग." सर आज असायला हवे होते.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते. मोठी आजी गेल्यावर घराची डागडुजी निघाली. दिवाळीला माहेरी आले होते. जुन्या भांड्यांची मोड मीच पिशवीतून बाजारात नेली. चकती त्यात होती हे मला माहीत होतं. वजन झालं आणि बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा आला. वहिनी अजून त्यात साखर ठेवते.

त्यामुळे २०१४ साली माझा रकाना रिकामा राहिला. वडील नव्हते, काका नव्हते. भाऊ तलाठ्याकडे जाऊन आला, जुनं काही वेळेत मिळालं नाही. नोव्हेंबर उलटला.

पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी ही हकीकत लिहिली. दुसऱ्या दिवशी एक फोटो आला. आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना? आपल्या वर्गाच्या चित्रकारानं त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या चकतीवर चित्रकलेची वही ठेवून पेन्सिल घासली होती. आणि ती वही त्याच्या आईनं जपून ठेवली होती! तो तिसऱ्या रांगेत बसलाय, मान खाली घालून. सिंह अर्धाच आलाय, पण नाव पूर्ण आलंय. धोंडी, आणि पुढे आमचं आडनाव.

धोंडी. आधीची मुलं जगली नाहीत की असं नाव ठेवायचे. काळाला वाटावं हा दगड आहे आणि त्यानं सोडून द्यावं.

नाव हातात आल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत शोधलं. इंग्रजांनी केलेली स्पेलिंगं पाहता चार रात्री गेल्या, पण सापडले. ११७ वी मराठा पलटण, १९१६. बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं बरोबर. याच पलटणीतले बरेचसे कूट अल अमाराच्या वेढ्यात अडकले होते. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली, आपल्याकडच्या कित्येकांनी ते मांस बराच काळ तोंडाला लावलं नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि जे उरले त्यांच्यातले कितीतरी पुढे कैदेत गेले. धोंडीआजोबा यात नेमके कुठे होते, ते नोंदीत नाही.

बसऱ्याला ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांवर सैनिकांचं स्मारक आहे. त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. आपल्या साध्या शिपायांची नाहीत, पलटणीखाली नुसते आकडे आहेत. कमिशननं २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली. आणि हे फूल? कमिशनच्या हिशेबात हिंदुस्थानचे चौऱ्याहत्तर हजार मृत वेगळ्या ओळीत मांडलेले असतात. तेव्हा या आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजारांत आमचा माणूस धरलाय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्या हातात बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी पोराचं फूल आहे. त्याच्याही आईनं काहीतरी नाव ठेवलं असेल. ते मी परत करणार नाही, जपणार आहे.

उद्या मी गावी जाते. चावडीतल्या दगडाखाली एक लहान पाटी बसवायची ग्रामपंचायतीनं परवानगी दिली आहे. त्या 'पैकी'तली आणखी दोन नावं भावानं शोधून काढली आहेत, म्हणजे तीन होतील. पाथरवट अक्षरांचा नमुना मागतोय. तेव्हा चित्रकार महाशय, जेवण झाल्यावर लगेच पळू नका. कागद आणि पेन्सिल मी आणली आहे.